जुने लाकडी कुंपण आणि कोकणची दमट हवा

ज्यांची घरे कोकण किनाऱ्यावर आहेत त्यांना वेगळे सांगायला नको की तिथल्या हवेत लोखंड गंजते, भिंत ओल धरते आणि लाकूड काळे पडते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, रत्नागिरी या भागांतले आपले कितीतरी बांधव मुंबईत किंवा आखाती देशांत असतात. गावचे घर वर्षातले आठ-दहा महिने बंद राहते. दिवाळीच्या सुमारास कुलूप उघडले की पहिली नजर अंगणाच्या कुंपणावर जाते. रंगाचे पापुद्रे सुटलेले, खालच्या बाजूला शेवाळ, फळ्यांवर काळे डाग. मग रंगारी बोलावला जातो, तो चार दिवसांत चकचकीत रंग मारून पैसे घेऊन जातो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तेच पापुद्रे पुन्हा सुटतात. दोन-तीन वेळा असे झाले की मालक वैतागतो, लाकूड उपटतो आणि सिमेंटचे खांब व तारेची जाळी लावून मोकळा होतो. त्याबरोबर सुताराचे काम गेले, पॉलिशवाल्याचेही गेले. ऐनाच्या नाहीतर सागवानाच्या ज्या फळ्या अजून कित्येक वर्षे चालल्या असत्या, त्या चुलीत गेल्या.

आमचा धंदा कापडाचा. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण लाकडाचा हा प्रश्न आणि रंगाईचा प्रश्न मुळात एकच आहे. कापडावर रंग दोन तऱ्हांनी बसतो. एक धाग्याच्या आत शिरतो, दुसरा चिकट द्रव्याच्या जोरावर वर बसून राहतो. वर बसलेला रंग सुरुवातीला झळकतो. पण कापड चुरगळले, ताणले, धुतले की आधी तोच सुटतो. लाकूड तर रोज ताणले जाते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते तेव्हा लाकूड ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वरचा व्हार्निशचा किंवा ऑइल पेंटचा पापुद्रा त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून तडकतो. त्या तडीतून पाणी आत जाते आणि पापुद्र्याखाली अडकून बसते. रक्षणासाठी लावलेला थरच मग लाकूड कुजवतो. नव्या, नीट सुकवलेल्या लाकडावर, छपराखाली, व्हार्निश उत्तम. उघड्यावरच्या जुन्या, भेगाळलेल्या कुंपणाला मात्र आत मुरणारे तेल किंवा तेलात कालवलेला पातळ रंग, ज्याला बाजारात वूड स्टेन म्हणतात, तोच लावावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण मुरायला जागा हवी. लाकूड आधीच पाण्याने भरलेले असेल तर तेल जाणार कुठे? रंगाऱ्याची सर्वांत मोठी चूक इथे होते. पाऊस ऑक्टोबरच्या मध्यास थांबला, मालक आठवड्यासाठी आलेला आहे, म्हणून लगेच ब्रश हातात घेतला जातो. वरून कोरडी दिसणारी फळी आत ओलीच असते. सुया टोचून ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र आता महाग राहिलेले नाही. पॉलिशचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पेटीत ठेवावे. आकडा १५ च्या आसपास आला तर काम करावे, २० च्या पुढे असेल तर थांबावे. यंत्र नसेल तर फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. काही मिनिटांत जिरले तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे. तसेच उभे राहिले तर एकतर लाकूड ओले आहे किंवा जुने रोगण अजून आत शिल्लक आहे. आमच्या पाहण्याप्रमाणे नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही सकाळचे दव सुकल्याशिवाय सुरू करू नये आणि चारनंतर हात आवरावा, नाहीतर संध्याकाळचे दव ओल्या तेलावर बसते. भर उन्हात तापलेल्या फळीवरही मारू नये. वरचे तेल आत जाण्याआधीच सुकते. सावली जिकडे सरकेल तिकडे आपणही सरकावे.

सफाईला दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. समुद्राजवळच्या कुंपणावर मिठाचा थर असतो आणि मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. शेवाळ आणि बुरशीला ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी लावून दहा-पंधरा मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासावे व स्वच्छ धुऊन टाकावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक लोखंडी कण लाकडात राहतात आणि पहिल्या दवाला काळे ठिपके उमटतात.

हे काळे ठिपके म्हणजे काय, ते आपल्या छपाईवाल्या बांधवांना लगेच कळेल. कच्छच्या अजरख छपाईत कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात आणि त्यावर लोखंडाचा काट छापला की काळा रंग उमटतो. ऐन, खैर या लाकडांत हिरड्यासारखाच तुरट अंश असतो. साधा लोखंडी खिळा गंजला की त्याच्याभोवती तीच छपाई आपोआप होते! म्हणून खिळे आणि स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पडलेले डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चालते. कापडावरचे गंजाचे डाग काढायला आपण तेच वापरतो. लिटरभर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम पुरते. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि लाकूड नंतर पुष्कळ पाण्याने धुवावे. ब्लीचिंगचे पाणी आणि अ‍ॅसिड एकत्र कधीही आणू नये, त्यातून विषारी वायू निघतो. एक काम पूर्ण धुऊन झाल्यावरच दुसरे करावे.

जुना रंग खरवडताना आणखी एक काळजी. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. कोरडे घासून धूळ उडवू नये, पाणी मारून घासावे, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. खरवड चुलीत टाकू नये.

आता तेलाचे. जुने लोक अळशीचे तेल, ज्याला रंगारी बेल तेल म्हणतात, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मारत. लाकूड ते छान पिते. पण दमट हवेत या तेलावर बुरशी वाढते, त्यामुळे ते एकटे कोकणात पुरत नाही. बुरशीनाशक मिसळलेला स्टेन घ्यावा, आणि तो बिनरंगी नसावा. बिनरंगी तेलातून ऊन थेट लाकडाला लागते आणि वर्षभरात फळी राखाडी पडते. रंगाचा कणच ऊन अडवतो. गेरूसारखा तांबूस किंवा तपकिरी रंग याला चांगला, कारण गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड आणि तो उन्हाला टिकतो. पहिला हात भरपूर द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी न जिरलेले तेल कापडाने पुसून घ्यावे. न पुसलेले तेल चिकट राहते, त्यावर धूळ बसते आणि धुळीवर बुरशी येते.

फळीचा आडवा कापलेला वरचा आणि खालचा तोंडाकडचा भाग बाजूंपेक्षा कित्येक पटीने पाणी पितो. तिथे तेल पुन्हा पुन्हा, जिरणे थांबेपर्यंत द्यावे. खांब नेहमी जमिनीच्या पातळीलाच कुजतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तशा वाऱ्यात तो तिथेच मोडतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला काजूच्या टरफलाचे तेल देण्याची रीत चांगली आहे. किनाऱ्यावरचे होडीवाले तेच वापरतात. ते कातडी भाजते, हे मात्र विसरू नये. फळ्या जमिनीपासून दोन इंच वर असाव्यात. पटाशी सहज आत रुतेल इतका मऊ झालेला खांब बदलावा. त्यावर तेल मारणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणे.

कारागीर मार खातो तो हिशेबात. समजा कुंपण १०० फूट लांब आणि ४ फूट उंच आहे. मालक म्हणतो, ४०० चौरस फूट. आता खरे मोजा. तीन इंच रुंद, एक इंच जाड पट्ट्या, मध्ये तीन-तीन इंचांची फट. म्हणजे २०० पट्ट्या. एका पट्टीच्या चारही बाजू मिळून पावणेतीन चौरस फुटांना थोड्या कमी भरतात, सगळ्यांच्या सुमारे ५३३. तीन इंच बाय दोन इंचाच्या दोन आडव्या दांड्यांचे आणखी १६७. झाले ७०० चौरस फूट, खांब वेगळेच. शिवाय जुने खडबडीत लाकूड डब्यावर लिहिलेल्या हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट तेल पिते. ज्याने ४०० वर भाव दिला तो नुकसान भरून काढायला सफाई उरकतो किंवा दुसरा हात गाळतो आणि गावात नाव घालवतो. भाव चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्यात सफाई, सुकण्याचे दिवस आणि तेलाचे हात वेगवेगळे मांडावेत. मालक दुबईत किंवा कुवेतला असेल तर ओलाव्याच्या आकड्याचा आणि पुसलेल्या फळीचा फोटो त्याला मोबाइलवर पाठवावा.

आता आपल्या कापड दुकानदारांसाठी. पॉलिशवाले तेल पुसायला चिंध्या आपल्याकडूनच नेतात. अळशीच्या तेलाने भिजलेली सुती चिंधी बोळा करून ठेवली तर ती आपोआप तापते आणि कोणी काडी न लावता पेट घेऊ शकते. बंद घराच्या पडवीत किंवा गोडाऊनच्या कोपऱ्यात असा ढीग रात्रभर राहिला तर काय होईल ते सांगायला नको. काम संपल्यावर चिंध्या बाहेर मोकळ्या जागेत एकेक पसरून सुकवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. चिंध्यांचे गाठोडे देताना गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगावे, नवख्या पोऱ्याला तर दोनदा सांगावे.

मुरणाऱ्या तेलाचा फायदा दुसऱ्या वर्षी दिसतो. पापुद्राच नसल्याने खरवडायला काही नसते. पावसाळ्यानंतर धुवायचे, सुकू द्यायचे, थेंब टाकून पाहायचे आणि जिथे पाणी जिरते तिथे एक हात द्यायचा. दक्षिण-पश्चिमेकडची, पावसाचा मारा खाणारी बाजू बहुधा दरवर्षी मागते, आडोशाची बाजू दोन वर्षे निघते. दहा-बारा घरांचे असे सालाना काम बांधून घेतलेल्या कारागिराचा डिसेंबर-जानेवारी रिकामा जात नाही, आणि मालकाला दर दोन-तीन वर्षांनी सगळे कुंपण खरवडून नव्याने रंगवण्याचा मोठा खर्च येत नाही.