परवलीचा शब्द : धंद्याचें नवें कुलूप

मुळा-मुठेच्या कांठचें खराडी हें एके काळीं शेतीचें गांव होतें. आज तें पुणें शहरांत सामील झालें असून तेथें संगणक-धंद्याच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींतील लोक ज्या गोष्टीची रात्रंदिवस काळजी वाहतात, ती आतां आम्हां शेतकऱ्यांच्याहि दाराशीं येऊन ठेपली आहे. सातबाराचा डिजिटल सहीचा उतारा संगणकावर मिळतो, पिकाची नोंद २०२१ सालापासून मोबाईलवरून करितां येते, मालाची हिशेबपट्टी व बँकेचें खातें फोनमध्यें पाहावयास मिळतें. या सर्वांच्या दारावर जें कुलूप आहे, तें म्हणजे परवलीचा शब्द. व्यवहारांत त्यास पासवर्ड म्हणतात. वाड्याच्या दरवाज्यास न चुकतां अडसर घालणारे आम्ही या कुलपाविषयीं मात्र उदासीन असतों.

चोर आतां भिंत फोडून येत नाहीं. २०१८ सालीं ऑगस्टच्या ११ व १३ तारखांस पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकयंत्रणेंत घातक आज्ञावली शिरवून सुमारें ९४ कोटी रुपये लांबविण्यांत आले. तो प्रकार केवळ परवलीच्या शब्दाचा नव्हता; पण दूरदेशीं बसून तिजोरी रिकामी करितां येते, हें त्यानें पुणेकरांस दाखविलें. इंग्लंडांत के. एन. पी. नांवाची दीडशें वर्षांहून जुनी, सुमारें ५०० मालमोटारींची वाहतूक कंपनी २०२३ सालीं बुडाली व सुमारें ७०० लोकांची नोकरी गेली. एका नोकराचा दुबळा पासवर्ड ओळखून चोर आंत शिरले, त्यांनीं सर्व हिशेब कुलूपबंद केले व खंडणी मागितली, असें मानलें जातें.

हे चोर तीन वाटांनीं येतात. पहिली वाट तर्काची : मुलाचें नांव, गांवाचें नांव, जन्मसाल, मोटारीचा क्रमांक. दुसरी वाट एकाच किल्लीची : एका ठिकाणीं फुटलेला शब्द चोर शंभर ठिकाणीं लावून पाहतात, म्हणून जो दुकानाच्या खात्यास तोच बँकेस लावतो, त्याचीं दोन्ही दारें एकदमच उघडतात. तिसरी वाट गोड बोलण्याची : बँकेचा साहेब म्हणून फोन येतो व आम्ही आपल्या तोंडानें किल्ली देऊन टाकतों.

बळकटी कशानें येते, तें आंकड्यांनीं पाहूं. इंग्रजी आठ लहान अक्षरांच्या जुळण्या सुमारें २०,८८२ कोटी होतात. संख्या मोठी वाटते. पण चोरलेल्या नोंदींवर सेकंदास १०० कोटी तर्क चालविणारें यंत्र त्या साडेतीन मिनिटांत संपवितें. उलट, ७,७७६ शब्दांच्या यादींतून फासे टाकून चार शब्द निवडले, तर त्याच यंत्रास सुमारें ४२ दिवस लागतात. पांच शब्द निवडले, तर सुमारें ९०० वर्षें. एक शब्द वाढविला आणि दिवसांचीं शतकें झालीं! चिन्हांच्या करामतीपेक्षां लांबी अधिक उपयोगी, ती अशी.

म्हणून एकमेकांशीं संबंध नसलेले पांच शब्द दैवयोगानें निवडावे. यादी नसल्यास डोळे मिटून शब्दकोशाचें पान उघडावें. उदाहरणार्थ ‘वखर, टपाल, कासव, दालचिनी, घुमट’. मात्र छापून आलेला हा नमुना कोणीं वापरूं नये. म्हण, अभंगाची ओळ किंवा देवाचें नांव टाळावें, कारण तें चोरासहि पाठ असतें. ठराविक मुदतीनें शब्द बदलण्याची जुनी शिकवण अमेरिकेच्या मानक-संस्थेनें २०१७ सालीं सोडून दिली. सक्तीनें बदलणारा मनुष्य शेवटचा आंकडा तेवढा बदलतो. फुटल्याचा संशय येतांच मात्र तत्क्षणीं बदलावा.

आतां व्यवस्थेविषयीं. प्रत्येक खात्यास निराळा शब्द असावा. इतके शब्द लक्षांत राहत नाहींत, म्हणून ते कुलूपबंद सांभाळणारी पासवर्ड-व्यवस्थापक नांवाची आज्ञावली घ्यावी. तें न जमल्यास वहींत लिहून वही तिजोरींत ठेवावी. टेबलाच्या कांचेखालीं चिठ्ठी ठेवणें म्हणजे कुलपावरच किल्ली टांगणें होय. ई-मेलचें खातें सर्वांत अधिक जपावें, कारण त्यावरून बाकीचे शब्द बदलून घेतां येतात. जेथें सोय असेल तेथें दुसरें कुलूप, म्हणजे फोनवरील क्षणिक आंकडा, अवश्य लावावें. आणि तो आंकडा कोणासहि सांगूं नये.

सोसायटीच्या कचेरींत चिटणीस, कारकून व गोदामवाला यांनीं एकच शब्द वापरूं नये. तसें केल्यास खोट्या नोंदीचा जबाब कोणास विचारणार? ज्याचें काम त्याचें खातें, आणि मनुष्य नोकरी सोडील त्याच दिवशीं तें बंद, असा नियम पंचांनीं ठरावानें करावा. हिशेबाची एक प्रत निराळ्या जागीं, यंत्रापासून सुटी ठेवावी. फसवणूक झालीच, तर लाज न धरतां तात्काळ बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. वेळ गेल्यास पैसा हातोहात पुढें जातो.

बांध फुटल्यावर पाणी अडवितां येत नाहीं, तो पावसाळ्यापूर्वींच घालावा लागतो. आमच्या वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं निदान बँक व ई-मेल यांचे शब्द तपासावेत, एवढीच आमची विनंति आहे.