तांडेलाची नजर आणि प्रयोगशाळेचं यंत्र : कॅनडातल्या क्री मच्छीमारांची गोष्ट



बोटीवरचा हा वाद आपल्याला नवा नाही. पोरगा मोबाईलवर हैदराबादच्या इन्कॉइसचा मासळीचा अंदाज दाखवतो आणि जुना तांडेल म्हणतो, "आधी पाण्याचा रंग बघ." मग ऐकायचं कुणाचं? कॅनडातल्या क्री लोकांपुढे हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी आला, आणि तो त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. त्यांनी काय केलं, ते आज आम्ही थोडक्यात सांगतो.

क्यूबेक प्रांताच्या उत्तरेला जेम्स बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर क्री लोकांची गावं आहेत. उन्हाळ्यात पाण्यात जाळं, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून खाली जाळं, आणि ऋतू बदलताना रानहंसांची शिकार, असं त्यांचं वर्ष चालतं. १९७१ मध्ये सरकारने तिथल्या ला ग्रांद नदीवर मोठा वीजप्रकल्प जाहीर केला. क्री लोक कोर्टात गेले आणि शेवटी १९७५ मध्ये करार झाला. त्या करारात क्री गावांसाठी स्थानिक पर्यावरण अधिकाऱ्याचं पदही ठेवलं गेलं. एका बाजूला गावचे जाणते, दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञ, आणि मध्ये दोघांची भाषा समजणारा माणूस, अशी ही कामाची रीत.

न दिसणारं विष

धरणं भरली तेव्हा जंगल आणि माती पाण्याखाली गेली. तिथला पाला कुजताना सूक्ष्म जिवाणूंनी मातीतल्या पाऱ्याचं रूप बदललं. हा बदललेला पारा आधी बारीक जिवांत जातो, त्यांच्यातून लहान माशात आणि लहान माशातून मोठ्या माशात. दर पायरीला तो वाढत जातो.

पण मासा दिसायला तसाच, चवीला तसाच. कितीही जाणता म्हातारा असो, त्याला हे डोळ्यांनी ओळखता येणार नाही. इथे प्रयोगशाळाच हवी. १९८६ मध्ये पाऱ्याच्या प्रश्नावर क्री लोक, प्रांत सरकार आणि वीज कंपनी यांच्यात वेगळा करार करावा लागला.

यंत्राने आकडा दिला खरा, पण लोकांनी त्यातून ऐकलं एवढंच : मासे खाऊ नका. कितीतरी घरांनी मासेमारी कमी केली. ताजं अन्न गेलं, दुकानातलं महाग अन्न आलं. जाळी सुटली तशी पोरांची शिकवणीही सुटली.

पुढे सल्ला नीट करून सांगावा लागला. पाइक, लेक ट्राउट आणि वॉलआय हे दुसरे मासे खाणारे मासे, त्यांच्यात पारा जास्त, म्हणून ते बेताने खावे आणि गरोदर बायांनी विशेष जपावं. व्हाइटफिश आणि सिस्को बारीक जीव खातात, त्यांच्यात पारा कमी. कुठल्या माशाच्या पोटात काय सापडतं, हे मासा साफ करणाऱ्या क्री बायांना आधीपासून ठाऊक होतं. कुठलं घर कुठल्या पाण्यात जाळं टाकतं, हे गावाला ठाऊक होतं. आकडा प्रयोगशाळेचा, पण तो उपयोगी पडला गावच्या माहितीमुळे.

जाळ्याचा आस

आता उलट गोष्ट ऐका. फिक्रेत बर्केस नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकापासून चिसासिबी गावच्या मच्छीमारांबरोबर काम केलं. हे मच्छीमार वेगवेगळ्या आसाची जाळी वापरत. एका जाळ्यात किती मासा लागतो यावर त्यांचं लक्ष असे. लागणं कमी झालं की ती जागा सोडून दुसरीकडे जायचं, पहिल्या जागेला विश्रांती.

व्यापारी मासेमारीत एकाच मोठ्या आसाचं जाळं असे. त्यात मोठे मासे सगळे निघून जात. क्री पद्धतीत मात्र सगळ्या वयांचे मासे थोडे थोडे निघत, म्हणून पाण्यातही सगळ्या वयांचे मासे शिल्लक राहत आणि अंडी घालणारे मोठे मासे संपत नसत. शास्त्रज्ञाने माशांची वयं तपासली तेव्हा हे त्यालाही दिसलं. नियम पुस्तकात नव्हता, पण काम करत होता.

समुद्री गवत

या किनाऱ्यावर ईलग्रास नावाच्या समुद्री गवताची मोठी कुरणं होती. रानहंस त्यावर चरत. १९९०च्या दशकाच्या शेवटी ही कुरणं ओसरली आणि हंसांची वाट बदलली. दरवर्षी त्याच जागी बसणाऱ्या शिकाऱ्यांना हा फरक जाणवणारच.

कारण शोधायला मात्र मोजमाप लागतं. वीज हिवाळ्यात जास्त लागते, म्हणून धरणाचं गोडं पाणी हिवाळ्यात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं. या गवताला खारटपणा हवा आणि उजेड हवा. पुढे क्री गावं आणि विद्यापीठं यांनी मिळून अभ्यास केला. कुठे मोजायचं ते शिकाऱ्यांनी दाखवायचं, कसं मोजायचं ते शास्त्रज्ञांनी.

आपण काय घ्यावं

समुद्रात काय बदललं हे रोज पाण्यावर असणाऱ्याला आधी कळतं. का बदललं आणि किती, हे यंत्र सांगतं. एकाच्या भरवशावर राहिलं की नुकसान होतं. आणि निकाल शहरातच राहिला, गावात गावच्या भाषेत सांगितला नाही, तर चांगला आकडाही घात करतो.

आमचं एवढंच सांगणं. बोटीवर एक वही ठेवा. तारीख, जागा, खोली, जाळ्याचा आस, पाण्याचा रंग, काय लागलं, काय लागलं नाही, सगळं लिहा. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून जुनं लिहून घ्या. उद्या मासळी का घटली म्हणून कुणी तपासायला आलं, तर आपल्या हातात नुसती तक्रार नको, वही हवी.