विश्लेषण : जुन्या फियाटला दोन कार्बोरेटर, घाटात खरेच फायदा होतो?

मुंबईहून नाशिककडे येताना कसारा घाट चढून घोटी गाठेपर्यंत जुन्या मोटारीच्या इंजिनाचा कस लागतो. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली, पण हौशी मालकांनी खासगी पद्मिनी आणि फियाट जपल्या आहेत. अशा छोट्या इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावणे हा जुना उपाय आहे. मात्र निवड चुकली तर ताकद वाढत नाही, पेट्रोल तेवढे जास्त जाते.

इंजिनाला हवा लागते किती?

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, १,०८९ सीसीचे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. मिनिटाला ५,००० फेरे आणि सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरले, तर हवा लागते मिनिटाला सुमारे २,२०० लिटर. घाटात इंजिन २,५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर गरज याच्याही निम्मी. म्हणजे चढावर सहसा हवेचा तुटवडा नसतो. तो जाणवतो जास्त वेगात.

मग दुसरा कार्बोरेटर कशासाठी?

मधोमध एकच कार्बोरेटर असला की टोकाच्या सिलिंडरपर्यंतची वाट लांब पडते. वाटेत पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटतात आणि सर्व सिलिंडरना सारखे मिश्रण मिळत नाही. दोन कार्बोरेटरमुळे ही वाट आखूड होते, वाटप सुधारते आणि जास्त फेऱ्यांवर इंजिन मोकळे चालते.

आकार कसा ठरवायचा?

दोन कार्बोरेटर म्हणजे निम्म्या आकाराचे दोन, हा हिशेब चुकतो. चार सिलिंडर आळीपाळीने हवा ओढतात. त्यामुळे ओढीच्या क्षणी एका सिलिंडरला लागणारी हवा तेवढीच राहते, मग कार्बोरेटर एक असो वा दोन. उलट मोठ्या गळ्याचे दोन लावले, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि पिकअप पडतो. नेमके हेच चढावर नडते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी दोन्ही एकाच बनावटीचे आणि मूळ कार्बोरेटरएवढ्या किंवा किंचित लहान गळ्याचे असावेत. त्यांचे जेट बाजारात मिळतात का, हेही आधी पाहावे.

खरी कसोटी कुठे?

दोन्हींचा मेळ बसवण्यात. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर होते. एकाची केबल आधी ओढली गेली की इंजिन थरथरते, हे ती चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. मोटारीतही दोन्हींचे थ्रॉटल एकाच वेळी उघडावे लागतात आणि हा मेळ वरचेवर तपासावा लागतो.

त्यात उंचीची भर पडते. घोटी-इगतपुरी परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. येथील हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ. त्यामुळे मुंबईत बसवलेले मिश्रण येथे पेट्रोलकडे झुकते आणि दुरुस्ती एकाऐवजी दोन ठिकाणी करावी लागते.

नियम काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तिकेतील तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, ती मूळ रूपात असेल तरच. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता याच वयाच्या झाल्या आहेत. त्यामुळे बदलापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि मूळ कार्बोरेटर, मॅनिफोल्ड जपून ठेवावेत.

आधी काय करावे?

मूळ कार्बोरेटर साफ करावा, झिजलेले जेट बदलावेत, व्हॉल्व्हची फट, इग्निशन टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासावे. दमलेल्या इंजिनाला दुसरा कार्बोरेटर लावून जोर येत नाही. घाटापुरता प्रश्न असेल, तर अनेकदा एकच पण नीट बसवलेला कार्बोरेटर पुरतो.