तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि खोडव्यावरचा केवडा



मागे एकदा एक सभासद माती परीक्षणाच्या कागदाबरोबर घरच्या मंडळींच्या रक्त तपासणीचा कागदही घेऊन गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, तांबड्या पेशी ३४ लाख अन् पांढऱ्या नुसत्या ७ हजार! पांढऱ्या फारच घटल्या की हो."

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण हा घोळ पुष्कळ घरांत होत असणार, म्हणून लिहीत आहोत.

हे आकडे एक घन मिलिमीटर रक्तातले, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबातले. बाईमाणसाच्या तेवढ्या रक्तात तांबड्या पेशी साधारण ४० ते ५० लाख आणि पांढऱ्या ४ ते ११ हजार असतात. तेव्हा ७ हजार अगदी बरोबर.

तांबडी पेशी वाहतुकीची. फुप्फुसात प्राणवायू भरायचा नि अंगभर पोचवायचा. जास्त माल मावावा म्हणून तिने आपले केंद्रकसुद्धा टाकून दिलेले असते. आत सगळे हिमोग्लोबिन. त्यामुळे मोडतोड झाली तर दुरुस्ती नाही, सुमारे १२० दिवसांत खेळ खलास. पांढरी राखणदार. तिला केंद्रक असते, आणि ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेरही पडते. कोयत्याची जखम चिघळली की या तिथे धावतात. आपण जो पू म्हणतो, तो बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच. दोन्ही तयार होतात मात्र हाडांतल्या मगजात.

खरी काळजी ३४ लाखांची होती. खाली हिमोग्लोबिन ८ लिहिलेले. बाईला निदान १२ हवे. वहिनींना भांगलताना धाप लागायची आणि घरचे म्हणायचे, कामाचा कंटाळा करते!

चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडला की आपण लोह कमी पडले म्हणून हिराकस फवारतो. हिमोग्लोबिनलाही लोह लागते, आणि दवाखान्यातल्या लोहाच्या पुष्कळ गोळ्यांत तेच फेरस सल्फेट असते. (म्हणून गोदामातले पोते उघडू नका!) मात्र दर वेळी कारण लोहच असेल असे नाही, अंगावरून जास्त जाणे, जंत, आणखीही असतात. ते डॉक्टरांनीच पाहावे. गोळी चालू असेल तर तिच्यावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही.

हे ऐकून सभासद जे उठले, ते तडक दवाखान्याकडे. माती परीक्षणाचा कागद आमच्या टेबलावरच राहिला.