वॉलेस की उर्किडेझ?

बिल वॉलेस आणि बेनी उर्किडेझ हे अमेरिकेचे दोन नामांकित किकबॉक्सिंगपटू; दोघेही केव्हाच निवृत्त झालेले. ते भिडले असते तर? आमच्या प्राध्यापक-कक्षात यावर चहाच्या पैजा लागतात!

ज्यूदोत उजवा गुडघा दुखावल्यामुळे वॉलेस लाथा झाडी त्या डाव्या पायानेच. तरीही १९८० मध्ये तो अजिंक्यपद राखून निवृत्त झाला. वजनानेही तोच भारी. पण त्याच्या लढतींच्या नियमांत कमरेखाली लाथ वर्ज्य होती. उर्किडेझ मात्र १९७७ मध्ये जपानात जाऊन मांडीवरच्या लाथांना पुरून उरला.

तेव्हा वाचकहो, मी आधी नियमांचे पुस्तक मागेन. जपानी नियम असतील, तर उर्किडेझ त्या उजव्या पायावरच तुटून पडेल. डावी लाथ उगारताना वॉलेसचा सारा भार त्यावरच ना! अमेरिकन नियम लावलेत, तर माझा चहा वॉलेसवर.