खीर-पुरी आठवीपर्यंत

सकाळी 6:15

जानेवारीत भोपाळला या वेळी अंधारच असतो. साकेत नगरच्या आमच्या गल्लीत पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून उतरतही नाही, तरी गुंडाळी नेमकी पायरीवर येते. अकरावीत, माझ्याच वर्गात आहे. दारात दिसले तर ‘नमस्ते मॅडम’ म्हणतो. वर्गात मात्र ही ओळख दाखवत नाही, मीही दाखवत नाही.

ताई न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिची मुलगी तिथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये जाते, आणि हिवाळ्यात बस पकडायला अंधारातच घर सोडते. कॅलिफोर्नियाने 2022 पासून कायदाच केला, की ग्रामीण भाग सोडला तर हायस्कूल सकाळी साडेआठच्या आत भरवायचं नाही, कारण या वयातल्या मुलांना पहाटेची झोप लागते. ताईने ती बातमी मला पाठवली होती, आपल्या राज्यात असं का नाही म्हणून चिडून. आमचं विद्यालय साडेदहाला भरतं. झोपेच्या शास्त्रात आम्ही कॅलिफोर्नियाच्या दोन तास पुढे आहोत. पेपर टाकणाऱ्यांचा, दूध पोहोचवणाऱ्यांचा आणि आईबरोबर चार घरची भांडी उरकून येणाऱ्या मुलींचा तेवढा अपवाद.

8:00

चहा, आणि मोबाइलवर आदेश. अमुक माहिती ‘आज सायंकाळपर्यंत अनिवार्य’. समग्र आयडी (राज्याचा ओळख क्रमांक) जुळत नसलेल्या मुलांची यादी, पूर्वपरीक्षेच्या गुणांची नोंद, बारा जानेवारीच्या सामूहिक सूर्यनमस्काराचे फोटो. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, ‘आज शिकवायचंय की नुसतं भरायचंय?’ तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, 1956 साली राज्याची राजधानी नागपूरहून हलली तेव्हा सचिवालयाच्या फायलींबरोबर इथे आले. सरकारी कागदाचा आमच्या घराला तिसऱ्या पिढीचा सराव आहे.

9:50

स्कूटीवर बाग सेवनिया, म्हणजे माझी शाळा, दहा मिनिटांवर. भोपाळच्या आग्नेय टोकाचं हे गाव. एका बाजूला भेलची वसाहत, दुसऱ्या बाजूला होशंगाबाद रोड (पाट्यांवर आता नर्मदापुरम रोड), पलीकडे बरकतउल्ला विद्यापीठ. पुढे एम्स आलं, कटारा हिल्सकडे सोसायट्या उठल्या आणि शेतांचे प्लॉट झाले. रस्त्यात पिवळ्या बस भेटतात, पण त्या खासगी सीबीएसई शाळांच्या. सोसायट्यांतली मुलं त्यांत बसतात. त्या सोसायट्या बांधणाऱ्या मिस्त्रींची, तिथल्या चौकीदारांची आणि मोलकरणींची मुलं आमच्याकडे, पायी. बरीचशी घरं छतरपूर-टीकमगढकडून आलेली. एडिसनची शाळा गावाच्या मालमत्ता करावर चालते, म्हणून तिथे चांगल्या शाळेजवळ घर घेण्यासाठी माणसं कर्ज काढतात. इथे ज्याचं घर जरा बरं झालं, तो पहिल्यांदा मुलाला आमच्या शाळेतून काढतो.

10:30

घंटा. प्रार्थना, मध्य प्रदेश गान, राष्ट्रगीत. शिक्षकांची हजेरी मोबाइलवर, चेहरा दाखवून. मुलांची अजून रजिस्टरातच, आणि मला ती जास्त कळते. नाव पुकारल्यावर उमटलेल्या ‘उपस्थित’मध्ये कोण उपाशी आहे, कोण भांडून आलंय, ते ऐकू येतं.

11:00

नववी, गणित. पुस्तक एनसीईआरटीचं, धडा त्रिकोणांचा. फळ्यावर दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश लिहिलं, कारण त्रिकोणाआधी ते यायला हवं. अर्ध्या वर्गाने वरचे अंक वरच्यात, खालचे खालच्यात मिळवले. मग पोळी काढली. फळ्यावरची नव्हे, डब्यातली. पोळीचे बारा तुकडे केले की बाकीचं आपोआप होतं. राज्याने पाचवी-आठवीला पुन्हा मंडळासारखी परीक्षा लावली आहे. तरी नववी हाच खरा उंबरठा. या वर्गात जो टिकला तो बहुधा दहावीचा फॉर्म भरतो.

12:20

दहावी. मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत, त्यामुळे इथे त्रिकोण वगैरे काही नाही, फक्त ‘मॅडम, ये आएगा क्या?’ लेखी 75 गुण, अंतर्गत 25, पास व्हायला 33 टक्के. शेजारच्या वर्गात अतिथी शिक्षक भौतिकशास्त्र शिकवतात, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. ‘वर्ग एक’ श्रेणीच्या अतिथी शिक्षकाला महिन्याला 18,000 रुपये. सप्टेंबर 2023 मध्ये मानधन दुप्पट झालं तेव्हा हा आकडा आला.

1:30

मधली सुट्टी. आज मंगळवार, म्हणजे खीर-पुरीचा दिवस.

आमच्याच आवारात सहावी ते आठवीची माध्यमिक शाळा आहे. जेवणाची गाडी त्यांच्यासाठी येते. देशात ही योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असं सांगितलं, 2008 मध्ये ती आठवीपर्यंत वाढली, 2021 मध्ये तिचं नाव पीएम पोषण झालं. आठवीपर्यंत वाढली आणि तिथेच थांबली. शिक्षण हक्काचा कायदाही सहा ते चौदा वर्षांचाच, तेव्हा हिशेबाला हिशेब जुळतो. गेल्या मार्चपर्यंत या रांगेत ताटली घेऊन उभी असणारी मुलगी एप्रिलमध्ये नववीत आली, आणि आता कडुनिंबाखाली बसून धाकट्या भावाच्या ताटलीकडे न बघण्याची कसरत करते. वाढीचं वय चौदाला संपतं असं कुठल्या वैद्यकात लिहिलंय, हे मला कोणीतरी दाखवावं.

धाकटी भावंडं पुऱ्या खिशात घालतात. वाढणाऱ्या ताईंना दिसतं. मलाही दिसतं. दप्तराच्या कप्प्यात तुपकट कागद सापडला, तर तो कुठून आला हे विचारायचं नसतं, असा आमच्यात न ठरवलेला ठराव आहे. नववी-दहावीच्या बऱ्याच मुली डबा आणत नाहीत. ‘भूख नहीं है मॅडम.’ मुलगे गेटबाहेर दहा रुपयांचे समोसे तिघांत खातात.

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा कायदा 1946 चा. महायुद्धाच्या भरतीत कुपोषणामुळे नापास झालेली पोरं पाहून तिथल्या संसदेने तो केला, आणि तो बारावीपर्यंत आहे. ताईची मुलगी कॅफेटेरियातल्या पिझ्झ्याला नाकं मुरडते. मुरडू दे. सोळाव्या वर्षी नाकं मुरडायला ताट समोर असावं लागतं. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षण अठरा वर्षांपर्यंत सगळ्यांना मिळावं असं म्हटलं आणि सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली. ताटाची वयोमर्यादा मात्र अजून चौदाच.

2:15

अकरावी-बारावी. इथली मुलं हिशेबात पक्की असतात, निदान स्वतःच्या. लाडली लक्ष्मी योजना 2007 ची, म्हणजे तिच्या नोंदवहीतल्या मुली आता थेट माझ्या बाकांवर आहेत. सहावीत 2,000, नववीत 4,000, अकरावीत आणि बारावीत 6,000-6,000. बारावीला 75 टक्के पडले तर लॅपटॉपसाठी 25,000 रुपये, आणि शाळेत पहिला आला तर स्कूटी. मागच्या बाकावरची एक म्हणाली, ‘मॅडम, स्कूटी तो उसी की है, मेरा पचहत्तर करवा दो.’ तिला लॅपटॉप नकोय. त्या पैशांत तिला नर्सिंगची पहिली फी भरायची आहे. समोरच एम्स दिसत असल्यामुळे आमच्याकडे नर्सिंगचं वेड मोठं.

मला या योजनांची टिंगल करवत नाही. शिक्षक-खोलीत होते, मीही कधी हसते. पण आठवीनंतर सरकार मुलांना धरून ठेवतं ते अशा एकेका रकमेने, आणि मुली त्या दोऱ्या पकडून बारावीपर्यंत येतात. मुलग्यांसाठी दोऱ्या कमी आहेत, आणि ते सुटतातही जास्त. नववीतला एखादा पंधरा दिवस दिसला नाही की कटारा हिल्सच्या एखाद्या साइटवर टाइल्स उचलताना सापडतो.

3:40

खेळाचा तास. गॅदरिंग जवळ आल्याने खो-खोऐवजी नाचाची तालीम. बुंदेली गाणं, मोबाइलचा स्पीकर, ओढण्या एकमेकींच्या. ताईकडे बँड, फुटबॉल, डिबेट, सगळं शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत चालतं. आमच्या मुलींना संध्याकाळ नसते, म्हणून नाच तासाच्या आतच बसवायचा. आणि बसतो! दिवसभर तोंड न उघडणारी मुलगी इथे बाकीच्यांना ओरडून ताल सांगते.

4:30

सुट्टी. दहावीच्या कच्च्या मुलांचा जादा वर्ग. वीस नावं, हजर नऊ. उरलेल्यांतल्या मुली धाकट्यांना घेऊन घरी, मुलगे कामावर. पुढच्या आठवड्यापासून हा वर्ग मी दहा वाजता, प्रार्थनेआधी घेणार आहे. प्राचार्यांनी मान डोलावली, लेखी काही दिलं नाही.

8:30

एका चौकीदाराचा फोन, रात्रपाळीवरून. ‘मॅडम, लड़का आज आया था?’ आला होता. ‘तो ठीक है.’ एवढंच. मग उत्तरपत्रिका. आईने बटाटे उकडायला लावलेत, पराठ्यांसाठी. उद्या नववीच्या तासाला चार जास्त न्यायचे आहेत. अपूर्णांकांसाठी, असं मी तिला सांगितलंय.