मनाशी बोलावं कसं? स्वयंसूचनांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

परीक्षा किंवा भरती जवळ आली की अभ्यासाच्या टेबलासमोर चिठ्ठ्या चिकटतात : 'मी अधिकारी होणारच', 'मला सगळं जमतं'. मोबाइलवरचे वक्ते सांगतात, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून अशी वाक्यं म्हणा, आत्मविश्वास आपोआप वाढेल. हल्ली याला 'अफर्मेशन' म्हणतात, मराठीत स्वयंसूचना.

यामागची गरज खरी आहे. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा, इंग्रजीची धास्ती, पावसानं दगा दिलेलं शेत, थोडक्या गुणांनी हुकलेली निवड यादी. जालना, अंबड, परतूर, भोकरदन कुठेही गेलात तरी अशी मुलं-मुली भेटतील. 'तुला जमेल' असं त्यांना कुणीतरी म्हणायला हवं असतं. कुणी म्हणत नसेल, तर ती स्वतःच स्वतःला म्हणतात. म्हणूनच या वाक्यांबद्दल जे खरं आहे ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. चुकीचं वाक्य आधीच दुखावलेल्या मनाला आणखी दुखावतं. योग्य वाक्य कठीण वेळी खरंच हात देतं.

गैरसमज 1 : ही अलीकडची परदेशी टूम आहे

वस्तुस्थिती : युरोपात याचा मोठा प्रसार शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. एमिल कुए (1857–1926) हे फ्रान्समधले औषधविक्रेते. आपली प्रकृती दिवसेंदिवस सुधारते आहे, अशा अर्थाचं वाक्य सकाळी आणि रात्री वीस-वीस वेळा पुटपुटायला ते रुग्णांना सांगत. मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी वापरायची.

मनाला उद्देशून बोलण्याची आपली परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी, आणि तिचा एक मोठा धागा जालना जिल्ह्यातूनच निघतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, जन्मले. त्यांचे 205 'मनाचे श्लोक' पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत सांजवेळी म्हटले गेले. त्यांचा हेतू भक्तीचा आणि सदाचाराचा होता, आजच्या अर्थानं आत्मविश्वास वाढवण्याचा नव्हता. पण बोलण्याची रीत पाहण्यासारखी आहे. समर्थ मनाला समोर बसवतात, आपुलकीनं हाक मारतात आणि काय धरावं, काय सोडावं ते सांगतात. त्यात मनाची खुशामत नाही, शिकवण आहे. आजच्या स्वयंसूचनांमधून नेमकं हेच निसटलं आहे.

गैरसमज 2 : वाक्य जितकं मोठं, तितका त्याचा गुण मोठा

वस्तुस्थिती : कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार मिनिटं आपल्या मनातलं लिहायला सांगितलं. त्यातल्या काहींना मध्ये-मध्ये घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनात म्हणायचं होतं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच चांगलं मत होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत कमी होतं, त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी हे औषध सांगितलं जातं, नेमकं त्यांनाच ते बाधलं.

कारण समजण्याजोगं आहे. मन वाक्य ऐकतं आणि लगेच पडताळून पाहतं. गणितात दोनदा नापास झालेली मुलगी 'मी गणितात हुशार आहे' म्हणते, तेव्हा आतून दोन्ही निकालपत्रं पुढे येतात. वाक्य आणि अनुभव यांतली दरी जितकी मोठी, तितका आतला विरोध तीव्र. तिनं त्याऐवजी 'वर्गमूळ मला अजून येत नाही, पण अपूर्णांक मागच्या महिन्यात आले' असं म्हटलं, तर मन ते नाकारू शकत नाही. खरं असलेलं छोटं वाक्य मनाला टेकायला जागा देतं.

गैरसमज 3 : यश मिळाल्याचं चित्र रोज पाहिलं की यश ओढलं जातं

वस्तुस्थिती : जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी हाच प्रश्न अनेक वर्षं अभ्यासला. 1991 साली त्यांनी आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्याला जमेल असा अंदाज बांधणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. मात्र बारीक झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. पुढच्या प्रयोगांतून असंही दिसलं की अशा स्वप्नरंजनानं शरीराची उमेद घटते. काम झालंच आहे असं वाटून मन सैलावतं.

ओटिंगेन यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. आधी इच्छा मनात आणायची, लगेच तिच्या आड येणारा अडथळा पाहायचा आणि त्यावर 'असं झालं, तर मी हे करीन' असं ठरवायचं. 'मी पोलीस झालो आहे' यापेक्षा 'पहाटे उठावंसं वाटलं नाही, तर आधी फक्त बूट घालीन' हे वाक्य मैदानावर पोचवतं. अशा 'तर'च्या वाक्यांवर पीटर गोल्विट्झर यांनी मोठं काम केलं आहे. 2006 साली 94 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांचा परिणाम चांगलाच ठसठशीत आढळला.

गैरसमज 4 : आधी आत्मविश्वास वाढवा, मग काम आपोआप जमेल

वस्तुस्थिती : क्रम बराचसा उलटा आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 साली 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार झरे सांगितले. पहिला आणि सगळ्यात जोरकस म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं पाहणं. तिसरा, कुणी दिलेला शब्दांचा धीर. चौथा, शरीराची आणि मनाची त्या क्षणीची अवस्था. स्वयंसूचना तिसऱ्या झऱ्यात मोडते. तिचा उपयोग आहे, पण पहिल्या झऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली स्वाभिमानावरचं संशोधन एकत्र तपासलं. नुसता स्वाभिमान वाढवून मुलांचे गुण वाढतात, असं त्यांना आढळलं नाही.

दुसऱ्या झऱ्याचं उदाहरण जालन्याला परकं नाही. जिल्ह्यातल्या एका रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2015 च्या परीक्षेत, वयाच्या 21 व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात त्यांनी 361 वा क्रमांक मिळवला. आपल्यासारख्याच घरातला मुलगा तिथवर गेला, ही वस्तुस्थिती भिंतीवरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त बोलते. अभ्यासिकेत असं कुणी येऊन आपल्या चुका, वेळापत्रक आणि अपयश मोकळेपणानं सांगितलं, तर ऐकणाऱ्यांच्या मनात विश्वासाबरोबर वाटही तयार होते.

गैरसमज 5 : वाक्य 'मी'पासूनच सुरू व्हायला हवं

वस्तुस्थिती : मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी 2014 साली याची परीक्षा घेतली. लोकांना थोडक्या तयारीत भाषण करायला लावलं. काहींनी मनाशी बोलताना 'मी' वापरलं, काहींनी स्वतःला नावानं किंवा 'तू' म्हणून हाक मारली. नावानं हाक मारणाऱ्यांची धास्ती कमी राहिली, भाषण अधिक चांगलं झालं आणि नंतर तेच-तेच उगाळणंही कमी झालं. स्वतःपासून थोडं दूर उभं राहिलं की आपण मित्राला देतो तसा शहाणा सल्ला स्वतःलाही देऊ शकतो. मनाला समोर बसवून बोलण्याची जुनी रीत इथे उपयोगी पडते.

शब्द कोणते, हेही महत्त्वाचं. खेळाडूंच्या स्वसंवादावरचे 32 अभ्यास 2011 साली एकत्र तपासले गेले. अशा बोलण्यानं कामगिरी सुधारते असं दिसलं, आणि नेमकेपणा लागणाऱ्या हालचालींत नुसत्या जोशाच्या वाक्यापेक्षा सूचनेचं वाक्य सरस ठरलं. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे आणि भरतीच्या तयारीला लागलेली मुलं गावोगाव पहाटे धावताना दिसतात. त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. गोळाफेकीच्या वर्तुळात 'तू वाघ आहेस' यापेक्षा 'कोपर वर, नजर समोर, ढकल' हे जास्त कामाचं. 1600 मीटरच्या शेवटच्या फेरीत 'खांदे सैल सोड, श्वास पूर्ण सोड' असं स्वतःला सांगावं.

गैरसमज 6 : स्वतःची स्तुती हाच स्वाभिमानाचा पाया

वस्तुस्थिती : क्लॉड स्टील यांनी 1988 साली वेगळा विचार मांडला. एका बाबतीत माणूस दुखावला, तर आयुष्यातल्या दुसऱ्या मोलाच्या गोष्टीची आठवण त्याला सावरते. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांना सुमारे पंधरा मिनिटं आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींवर, जसं की नाती, छंद, श्रद्धा यांवर, लिहायला लावलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले. पुढे इतर शाळांत परिणाम कमी-जास्त दिसला, काही ठिकाणी दिसलाच नाही. म्हणून हा रामबाण उपाय नव्हे. पण यात खोटं बोलावं लागत नाही. 'मी आजीची काळजी घेते', 'दिलेला शब्द मी पाळतो' ही वाक्यं निकालावर अवलंबून नसतात.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस तर याही पुढे गेले. माणसानं आपल्या कृतीला गुण द्यावेत, स्वतःला देऊ नयेत, असं ते सांगत. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. पेपर वाईट गेला, हे कृतीबद्दलचं मत आहे. 'मी वाईट' हा स्वतःवरचा निकाल, आणि तो द्यायला काही आधार नसतो.

गैरसमज 7 : 21 दिवस म्हटलं की सवय पक्की

वस्तुस्थिती : हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून आला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पाहणीत नवी सवय मुरायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 पर्यंतही. एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही.

गैरसमज 8 : सकारात्मक बोललं की नैराश्य जातं

वस्तुस्थिती : नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक गेली, कशातच रस उरला नाही, जगणं नको वाटलं, तर वाक्यं पाठ करत बसू नये. जिल्हा रुग्णालयात जावं. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा माणसाला 'सकारात्मक विचार कर' असं सांगणं म्हणजे त्याच्या आजाराचा दोष त्याच्याच माथी मारणं. शेतीतल्या नुकसानीनं खचलेल्या माणसाशी तर कुणीही असं बोलू नये.

मग म्हणायचं काय?

वाक्य खरं असावं, निदान आज पटण्याजोगं असावं. 'मी यशस्वी आहे' ऐवजी 'मी शिकतो आहे'. त्यात पुढची कृती असावी : 'जेवण झालं की इतिहासाची दहा पानं'. घाबरगुंडी उडाली तर स्वतःला नावानं हाक मारावी. रात्री वहीत दिवसातलं एक केलेलं काम लिहावं, कारण उद्याच्या वाक्याला पुरावा तिथूनच मिळतो. आणि अपयश आलं तर मैत्रिणीशी बोललो असतो तसं स्वतःशी बोलावं.

हे काम एकट्या मुलांवर सोडून चालणार नाही. मूल मनातल्या मनात जे म्हणतं, त्यातलं पुष्कळसं त्यानं घरात आणि वर्गात ऐकलेलं असतं. 'तुझ्याच्यानं काही होणार नाही' हेसुद्धा रोज ऐकलं की आत रुजतं. शाळेच्या परिपाठात एक सुविचार फळ्यावर लिहिला जातो. त्याच्याच जोडीला शिक्षकांनी रोज एका मुलाचं एक खरं, नेमकं काम सर्वांसमोर सांगावं : 'काल हिनं न येणारं गणित तिसऱ्या खेपेला सोडवलं.' आईबापांनीही निकालाआधीची मेहनत पाहावी आणि ती बोलून दाखवावी. असं ऐकत वाढलेल्या मुलाला स्वतःशी खोटं बोलण्याची गरज पडत नाही.